तोंड दाखव आधी

सुनंदाताई,

ज्याच्या फोनची तू इतकी वर्षं वाट पाहिलीस तो इकबाल काल आला होता. फोन नाही, स्वतः आला. तुला जाऊन अजून आठवडा झालेला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आलं बघ वरातीमागून घोडं," आणि लगेच त्याला खुर्ची पुढे केली असतीस. खुर्ची मी दिली, चहाही सांगितला. तो जे बोलला ते तुला कळवायला हे लिहिते आहे. पण ते एकदम सांगणार नाही. तू माझं बोलणं कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाहीस, मध्येच "कळला, कळला, पुढं बोल" असं व्हायचं तुझं. आता तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा सगळं पहिल्यापासून, माझ्या चालीनं सांगणार आहे.

त्या दिवशी रोह्याला तुझ्या घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. तुझ्या लेकीनं मला पाहिलं आणि तुझ्या चेहऱ्यावरची चादर खाली केली. कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. ड्युटीला तू तिळाएवढी टिकली लावायचीस, तीही दुपारपर्यंत घामानं पडायची. शेजारच्या बायका म्हणत होत्या, "सोन्यासारखी गेली बाय, कुणाकडनं काय करून नाय घेतला." मला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांचं करत आलेल्या बाईनं कधीतरी आपलं करून घ्यायला काय हरकत होती? चार दिवस अंथरुणावर राहिली असतीस तर मी पेज घेऊन आले असते. एवढंही करू दिलं नाहीस.

मला तुझी पहिली ओळख झाली ती भांडणातून. लग्न होऊन पुण्याहून पेणला आले होते, आणि पेण-नागोठण्याच्या मधल्या आपल्या या मानसिक आजारांच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागले होते. अंगावर नवी नोकरी आणि डोक्यात पुस्तकं. एका मुलीचे आईवडील सांगत होते, हिच्या अंगात येतं, भगताकडे नेलं, नारळ झाले, कोंबडं झालं. मी त्यांना समजावत होते की अंगात वगैरे काही येत नसतं, हा आजार आहे. तू वॉर्डची सिस्टर, दारात उभी राहून ऐकत होतीस. ते गेल्यावर म्हणालीस, "बरोबर बोललीस. पन त्या पोरीला आधी इचार, तिचं पोट दुखतंय का. मघापासून पोट धरून बसलेय." खरंच दुखत होतं. त्या दिवसापासून तुझं ते वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, "येड्याच्या पन पोटात दुखतं गो." डॉक्टरांनाही ऐकवायचीस. मनाच्या आजाराचा माणूस काहीही सांगू लागला की आपण ते त्याच्या आजाराच्या खात्यावर टाकून मोकळे होतो, आणि खरा ताप, खरी दाढ, खरा मुतखडा तसाच राहतो, हे तुझं म्हणणं. ते आत्ता इथे लिहून ठेवते, पुढे लागणार आहे.

आणि ते "गो". तू येता-जाता मला गो म्हणायचीस आणि मला ते काही केल्या जमायचं नाही. एकदा तुझ्या हट्टापायी म्हटलं, "काय गो ताई," तर वॉर्डातल्या बायकांसकट सगळ्या हसल्या. "इंग्रजी गो म्हणतेस तू," तू म्हणालीस, "जा, जा म्हटल्यासारखं. मायेनं म्हनायचं असतं ते. राहूंदे, तुला नाय जमायचं." मग मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही. रोह्याच्या सुनंदाचं पेणच्या सुनेला चिडवायचं एक कायमचं काम झालं तेवढं.

आता खालाबद्दल. तुला सांगायला नको, पण मी क्रमानं जाणार म्हटलंय. रोह्याच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातली ही म्हातारी, वॉर्डातल्या सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. नवरा गेलेला, एकुलता एक इकबाल कुवेतला. तिला पुतण्यानं आणून आपल्याकडे ठेवलं, कारण घरात तिनं जेवण सोडलं होतं. पुतण्याची बायको विष घालते, शेजारीण विष घालते, दुधवाला घालतो. औषधांनी संशय बराच खाली आला, पण मुळासकट गेला नाही. तुझ्या हातचं मात्र ती खायची. ताट समोर आलं की दोन्ही हातांनी उचलून नाकाशी न्यायची, भाताचा वास घ्यायची, डोळे मिटायची, मग "बिस्मिल्ला" आणि पहिला घास. जुन्या तांदळाचा भात असला तर तोंड वाकडं करायची. भातशेतीतली बाई, तिला तांदूळ नाकानं कळायचा. दर शुक्रवारी दुपारी इकबालचा व्हिडिओवर फोन यायचा. फोन तू धरायचीस, आणि मायलेकरांचं बोलणं झालं की तो तुझ्याशीही बोलायचा. "सिस्टर, तुम्ही हायेत म्हनून मी इथं झोपतो," असं तो एकदा म्हणाला होता. दिवसभर तू ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरलीस.

मग तो आजार आला. रस्ते बंद, एसटी बंद. आपल्या दवाखान्यानं पाळ्या लावल्या. काही जणींनी आतच मुक्काम करायचा, मग त्यांनी घरी जायचं आणि दुसऱ्यांनी यायचं. मला पेणहून येताना वडखळच्या नाक्यावर पोलिसांना ओळखपत्र दाखवावं लागे. त्यातला एक हवालदार दरवेळी तेच विचारायचा, "मॅडम, येड्यांना पन होतो का हा?" मी म्हणायचे, होतो. "आनि तुमाला?" आम्हालाही होतो.

सगळ्यांची तोंडं झाकली गेली आणि आपल्या वॉर्डात हलकल्लोळ झाला. बाहेरच्या लोकांना मास्कचा कंटाळा यायचा, आपल्या बायकांना त्याची भीती वाटायची. ज्यांना आधीच वाटतं की माणसं वेष बदलून येतात, त्यांच्यापुढे आपण सगळ्याजणी खरोखरच वेष बदलून उभ्या. मी तुला आमच्या शेजारच्या काकांचं सांगितलं, ते गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. ते म्हणायचे, माणूस डोळ्यांत असतो, बाकीची सगळी माती. तू ते जाऊन खालाला ऐकवलंस. खाला म्हणाली, "डोळं काय, माशाला पन असतात. तोंड दाखव आधी."

तेव्हापासून ती तुमची रीत झाली. तू ताट घेऊन दाराशी थांबायचीस, चार हात लांब. ती म्हणायची, "तोंड दाखव आधी." तू मास्क खाली ओढायचीस, ती तुला निरखायची, कधी कधी "हस" म्हणायची, कारण हसताना तुझा तो बाजूचा दात दिसायचा. मग मास्क वर, आणि ताट आत. नियमात बसत नव्हतं. पण ती उपाशी राहणं कुठल्या नियमात बसत होतं?

तुझी पाळी संपली, तू रोह्याला गेलीस. तुझ्या जागी आलेल्या सिस्टरनं पहिले काही दिवस कसंबसं निभावलं. मग खालानं ताट ढकललं. कुणाच्याच हातचं खाईना. "जेवनात कायतरी कालवलंय," एवढंच म्हणायची. सगळ्यांचं एकच मत झालं, जुना संशय परत आला. डॉक्टरांनी फोनवर गोळी वाढवून दिली. आणि तुला निरोप गेला, पाळी नाही तरी ये, तुझ्याशिवाय ती खात नाही. भाऊजी नागोठण्याला कंपनीत शिफ्टला निघाले होते, त्यांनी तुला मोटारसायकलवरून आणून सोडलं. मी त्या आठवड्यात आत मुक्कामाला होते, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तू दाराशी थांबलीस. मास्क खाली केलास. खाला बघत राहिली, पण "हस" म्हणाली नाही. तू पेजेची वाटी घेऊन सरळ आत गेलीस, तिच्या खाटेवर बसलीस. मास्क एका कानाला लोंबत होता. एक चमचा तू स्वतः खाऊन दाखवलास, एक तिला भरवलास. असं करत अर्धी वाटी गेली. मी दारातून म्हटलं, "ताई, मास्क." तू हातानंच गप्प बस म्हणालीस. सुनंदाताई, माणसानं माणसाला भरवताना मी खूप पाहिलंय, पण तसं पुन्हा पाहिलं नाही. तेव्हा वाटलं होतं की तुला सांगावं, आणि आपण कामाच्या माणसांना असलं काही सांगत नाही, म्हणून राहिलं.

दोन दिवसांत खालाला धाप लागली. गाडी आली, पांढऱ्या पोशाखातली माणसं तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथून ती परत आली नाही. दफनही तिकडेच झालं, चार अनोळखी माणसांच्या हातून. विमानं बंद, इकबालनं ते सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. ती गेल्याचं त्याला तूच सांगितलंस. तुला स्वतःला ना ताप, ना खोकला. तेव्हा तपासणी फक्त ताप असलेल्यांची होत होती, म्हणून तुला एका खोलीत वेगळं ठेवलं आणि तू ठणठणीत बाहेर आलीस. आणि मग एक नवल झालं, इकबालचा शुक्रवारचा फोन चालूच राहिला. आई नाही, तरी तुझ्याशी बोलायला. बाकीच्या बायका कशा आहेत, कुणाची मुलं येऊन गेली का. तुला एक मुलगाच मिळाला होता म्हण ना.

नंतर, पहिली लाट ओसरल्यावर, आपल्या सगळ्यांचं रक्त घ्यायला माणसं आली. मनोरुग्णांबरोबर काम करणाऱ्यांपैकी किती जणांना नकळत लागण होऊन गेली ते पाहायचं होतं. डॉक्टरांनी समजावलं, विषाणू येऊन गेला की शरीर त्याच्याशी लढायला अँटीबॉडी तयार करतं, त्या रक्तात सापडल्या की समजायचं, आजार होऊन गेला. निकाल आले आणि स्वयंपाकघरापासून गेटपर्यंत एकच थट्टा. "कुणाच्या अंगात आल्या?" "माझ्या नाय आल्या बाबा." "त्याच्या आल्यात, आता नारळ फोडा." जन्मभर लोकांना अंगात काही येत नसतं म्हणून सांगणारे आपण, आणि आपल्याच अंगात आल्या म्हणून हसतोय. मीही हसले. माझ्या आल्या नव्हत्या. तुझ्या आल्या होत्या.

तू हसली नाहीस. कपड्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या ढिगावर बसून राहिलीस. मी शोधत आले तर म्हणालीस, "म्हंजे मला झाला होता. मला कळला पन नाय. आनि मी तोंडावरचं खाली घेऊन तिला भरवत बसले."

मी तुला किती समजावलं. रक्त एवढंच सांगतं की पाहुणा येऊन गेला. कुठल्या दारानं आला, कधी आला, जाताना कुणाच्या घरी गेला, ते रक्त सांगत नाही. तुला तो खालाकडूनच आला असेल. रोह्याला भाजी आणताना आला असेल. खाला गेल्यावर महिन्यानंही आला असेल. तू ऐकून घेतलंस, आणि म्हणालीस, "तू नोकरीचं बोलतेस. बोल. मला म्हाईत हाय काय झालं ते." माझा सगळा अभ्यास तुझ्यापुढे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्याच शुक्रवारी तू इकबालला सांगितलंस. मला न विचारता. मी शेजारीच होते आणि मला कळेपर्यंत तुझं वाक्य बोलून झालं होतं: "इकबाल, तुझ्या आयला माझ्यामुळं झाला. माझं रक्त तपासलं." पडद्यावर त्याचा चेहरा तसाच थांबलेला, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग फोन बंद झाला. त्यानंतर शुक्रवारचा फोन आला नाही. पुन्हा कधीच.

आपलं खरं भांडण तेव्हा सुरू झालं आणि ते तू जाईपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, कशाला सांगितलंस? खात्री नसलेली गोष्ट परदेशात एकट्या बसलेल्या मुलाच्या पदरात टाकून काय मिळवलंस? तू म्हणायचीस, "त्याच्या आयचं हाय, त्याला कळाया नको? आनि मी काय खोटं गिळून बसू?" मी म्हणायचे, ते खोटं नाही पण खरंही नाही. तू म्हणायचीस, "मंग काय हाय ते?" शुक्रवारी दुपारी वॉर्डाचा फोन तू पूर्ण चार्ज करून ठेवायचीस. कुणी त्यावरून घरी फोन लावायला मागितला तर "नंतर" म्हणायचीस. फोन नाही आला की म्हणायचीस, "बरोबर हाय त्याचं." त्या "बरोबर हाय"चा मला फार त्रास व्हायचा. तू त्याची बाजू घेऊन स्वतःला शिक्षा देत होतीस, आणि वर ती शिक्षा योग्य आहे म्हणून सही पण तूच करत होतीस.

लस यायच्या आधी एकदा तू पेणला येऊन खासगी लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलंस. मला वाटलं, आधीचा निकाल चुकला असेल अशी आशा असेल. निकाल घ्यायला आपण दोघी गेलो. अँटीबॉडी जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. मी म्हटलं, होतं असं, काही महिन्यांनी कमी होतात. तू कागद परत परत बघितलास. "मंग गेल्या कुठं?" कुठे जाणार, विरल्या. "असं कसं विरतं? मानूस गेलं त्याच्यापायी, आनि ह्या विरल्या?" लॅबमधली मुलगी आपल्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर कळलं की तू रडते आहेस. तुला सुटका नको होती. तुला वाटत होतं, खालाची शेवटची खूण तुझ्या रक्तात होती आणि तीही गेली.

पण सगळी गेली नव्हती. त्यानंतर केव्हा तरी आपण डबे उघडून बसलो होतो, तुझ्या डब्यात वालाचं बिरडं आणि भात. तू डबा उचललास, नाकाशी नेलास, डोळे मिटलेस, मग खाली ठेवून कालवायला लागलीस. तुझ्या लक्षातही आलं नाही. पुढे रोजच. मी एकदा म्हटलं, "ताई, तुझ्या अंगात खाला आली." मला वाटलं चिडशील. तू घास चावत म्हणालीस, "येऊंदे. कुठंतरी जागा पायजे ना तिला."

मागच्या हिवाळ्यात पोपटीला, वालाच्या शेंगा मडक्यात भाजायला, बोलावलंस तेव्हा भाऊजी मडकं लावत होते आणि तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, इकबाल कायमचा परत आलाय, गावात दुकान टाकलंय. मी म्हटलं, चल, जाऊन येऊ. रोह्याहून कितीसं लांब आहे? तू मडक्याकडे बघत म्हणालीस, "कुठल्या तोंडानं जाऊ?" मी खूप आग्रह केला. तू शेंगा सोलत बसलीस. निघताना माझ्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी दिलीस, आणि तो विषय तिथेच राहिला.

आता कालचं.

दुपारची वेळ. इकबाल मला आधी ओळखूच आला नाही. पडद्यावरच्या त्या पोरसवदा चेहऱ्याला दाढी आली आहे, तीही पिकायला लागली आहे. म्हणाला, "मॅडम, सिस्टर गेल्या ते आज कळला मला. रिक्षावाला बोलला." बसला. चहा आला, त्यानं हात लावला नाही.

"सिस्टरनी मला सांगितला होता, त्यांच्यामुळं झाला म्हनून," तो म्हणाला. मी म्हटलं, मी तिथेच होते.

"तसा नाय हाय ते," तो म्हणाला. "अम्मा जायच्या आधीचा एक शुक्रवार. सिस्टर घरी गेलेल्या, त्यांना बरेच दिवस झालेले. दुसऱ्या बायनी फोन धरलेला. अम्मा मला बोलली, भाताला वास नाय. कुनीतरी भाताचा वास काढून नेलाय. रोज शोधते, वास नाय. मी हसलो, मॅडम. मी बोललो, अम्मा, गोळी घेतलीस का? गोळी घे."

तू केलं असतंस तसं मी पाणी पुढे केलं.

"नंतर तिकडं आमच्या रूममधल्या एकाला झाला. त्याचा वास गेला. मंग बातम्यांत पन यायला लागला, वास जातो म्हनून. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. अम्मानी मला सांगितला होता. कुनाला नाय, मला. मी फोन करून दवाखान्यात एक शब्द बोललो असतो तर तिला आधी नेली असती. आनि मंग एक दिवस सिस्टर बोलल्या, माझ्यामुळं. मला बोलायचा होता, नाय सिस्टर, तुम्ही यायच्या आधीच तिला झालेला. पन तसा बोललो असतो तर हे पन सांगायला लागला असता, की मला म्हाईत होता. फोन ठेवला मी. मंग दर शुक्रवारी फोन हातात घ्यायचो. कुठल्या तोंडानं लावू?"

ऐकतेस ना? हेच शब्द. तुझेच. रोह्यात तू आणि पलीकडे तो, दोघंही तोंड लपवून बसलात, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आपल्याला दोषी धरतोय.

मग मी सगळं जुळवत बसले. खालाला विष घातल्याचा वास कधी आलाच नव्हता. तिला वासच आला नव्हता. जन्मभर ताट नाकाशी नेणाऱ्या बाईला एके दिवशी भातातून काहीच येत नाही, तर तिनं काय समजायचं? कुणीतरी काहीतरी केलंय, एवढंच ना? तिच्या नाकानं अगदी खरं सांगितलं, आणि ते सगळ्यांनी तिच्या डोक्याच्या खात्यावर टाकलं. सिस्टरनं, डॉक्टरांनी, लांब कुवेतला बसलेल्या मुलानंही. दुसऱ्या कुठल्याही वॉर्डात असं बोलणाऱ्या म्हातारीचा ताप आधी बघितला असता. येड्याच्या पन पोटात दुखतं, हे तू इतक्या वेळा घोकून घेतलंस आमच्याकडून, आणि जेव्हा ते हवं होतं तेव्हा तू रोह्याला होतीस. तू आलीस तेव्हा ती आधीच आजारी होती. तो आजार आत कुणी आणला ते आता कुणालाच कळणार नाही. पण त्या पेजेच्या वाटीतून काही गेलं असेल तर ते तुझ्याकडून तिच्याकडे नाही, तिच्याकडून तुझ्याकडे गेलं.

इकबाल उठायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. तुझ्या डब्याचं सांगितलं. तू भात नाकाशी कसा न्यायचीस, डोळे कसे मिटायचीस, मी काय म्हणून चिडवायचे आणि तू काय म्हणालीस, सगळं. आमच्यातली थट्टा त्याला रुचेल की नाही कोण जाणे, असंही मनात आलं. इकबाल परत खुर्चीत बसला. मग गार झालेला चहा उचलून एका दमात प्यायला आणि म्हणाला, "म्हंजे माझी आय एवढे दिवस सिस्टरकडं होती." तुझ्या घराचा पत्ता त्यानं विचारून घेतला. भाऊजींना भेटून येतो म्हणाला, वॉर्डातल्या बायकांकडे दारातूनच एकदा बघितलं, आणि गेला.

ताई, आपलं भांडण आता मिटवून टाकू. त्याला सांगायला नको होतंस, असं मी म्हणत आले. तू सांगितलं नसतंस तर काल तो आलाच नसता, आणि मला हे कधी कळलंच नसतं. तेवढं तू जिंकलीस. रक्त सगळं सांगत नाही, हे माझं म्हणणं होतं. तेवढं मी जिंकले. जिंकून करू काय? ज्या तोंडाला हे सांगायचं त्याच्यावरची चादर मी माझ्या हातानं परत वर ओढली आहे.

काल घरी आले, भात लावला. वाढून घेतला आणि ताट उचलून नाकाशी नेलं. आमच्या घरात सगळे बघायला लागले. वास आला. चांगला, गरम भाताचा वास. मग सगळे उठल्यावर मी एकटीनंच तुला सांगायचं राहिलेलं वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं, तुला हवं होतं तसं, जा-जा सारखं नाही. आज जमलं.

खालाला तो आजार तू नाही दिलास गो.